पांढरे दिसते ते सगळेच क्षार नव्हेत

(धर्मापुरी, जि. बीड येथे शेतकऱ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आज मी आपल्याशी शाळेतल्या एका धड्याविषयी बोलणार आहे. नववीच्या विज्ञानाच्या पुस्तकात 'आम्ल, आम्लारी व क्षार' असा एक धडा आहे. मुले तो परीक्षेपुरता वाचतात, लिटमस कागद लाल झाला की निळा झाला एवढे लक्षात ठेवतात आणि पुढच्या वर्गात जातात. परंतु ज्याच्या शेतात पांढरा थर येतो, ज्याचे पीक उगवून पिवळे पडते, ज्याच्या रानात पाणी दिल्यावर आठ-आठ दिवस वाफसा येत नाही, त्याला ह्या धड्याची गरज मुलांपेक्षा जास्त आहे.

आपण एक उदाहरण घेऊ. समजा, एका घरी तीन भाऊ आहेत. वाटण्या झाल्या. थोरल्याला ओढ्याकाठचे खोलगट रान आले, मधल्याला गावालगतची चिकण जमीन आली आणि धाकट्याला माळाच्या उताराची चुनखडी असलेली जमीन मिळाली. तिघांच्याही शेतात पांढरेपणा दिसतो आणि तिघांचेही पीक मार खाते. कोणीतरी सांगितले, "जमिनीत क्षार झाले, जिप्सम टाका." तिघांनीही कर्ज काढून जिप्सम आणले आणि टाकले. मधल्याला गुण आला. थोरल्याला काहीच फरक दिसला नाही. धाकट्याचे तर पैसे पाण्यात गेले, कारण त्याच्या जमिनीत चुना आधीच भरपूर होता.

तिघांचे दुखणे वेगळे होते, औषध मात्र एकच आणले. असे का झाले? मला वाटते, ह्याचे एक कारण आपल्या बोलण्यात आहे.

एक शब्द, दोन अर्थ

आपण पापडखार म्हणतो, सज्जीखार म्हणतो, आयुर्वेदात यवक्षार म्हणतात. हे पदार्थ हाताला बुळबुळीत लागतात आणि मळ काढतात. रसायनशास्त्राच्या भाषेत ते आम्लारी गुणाचे आहेत. दुसरीकडे पाणी मिठासारखे लागले की आपण त्याला खारे पाणी म्हणतो. म्हणजे 'खार' हा एकच शब्द आपण सोड्यालाही वापरतो आणि मिठालाही. शाळेच्या पुस्तकात मात्र 'क्षार' म्हणजे आम्ल आणि आम्लारी यांच्या संयोगातून तयार होणारा पदार्थ. साधे मीठ, युरियासोडून बहुतेक रासायनिक खते, मोरचूद, जिप्सम, एवढेच काय पण चुनखडीसुद्धा पुस्तकाच्या हिशेबाने क्षारच आहे.

त्यामुळे "माझ्या जमिनीत क्षार आहेत" एवढ्याने काहीच कळत नाही. कोणते क्षार आहेत, विरघळणारे की न विरघळणारे, त्यात सोडियम आहे की कॅल्शियम, हे कळल्याशिवाय उपाय ठरवता येत नाही.

आम्ल आणि आम्लारी घरातच ओळखा

आम्ल म्हणजे आंबट गुणाचा पदार्थ. चिंच, लिंबू, ताक ही रोजची उदाहरणे झाली. पहाटे हरभऱ्याच्या रानातून गेलात तर धोतराला किंवा लुगड्याला आंब लागते. हरभऱ्याच्या पानांवरील बारीक केसांतून मॅलिक आणि ऑक्झॅलिक ही आम्ले बाहेर पडतात, तीच ही आंब. हरभऱ्याच्या मुळांतूनही आम्ले पाझरतात आणि चुनखडीने बांधून ठेवलेले स्फुरद थोडेफार मोकळे करतात. आपल्या भागात हरभरा चांगला येतो, त्यामागे हेही एक कारण आहे.

आम्लारी म्हणजे आम्लाच्या उलट गुणाचा पदार्थ. भिजवलेला चुना, धुण्याचा सोडा, चुलीतील राख भिजवून काढलेले पाणी ही त्याची उदाहरणे. हळदीला चुना लागला की ती लाल होते, हे प्रत्येक घरात माहीत आहे. हळद ही आपल्या घरातली दर्शक आहे. आम्लात ती पिवळीच राहते, आम्लारीत लाल होते. जास्वंदीच्या फुलाचा रस आम्लात गडद गुलाबी होतो आणि आम्लारीत हिरवट होतो. मुलांना हे दोन्ही प्रयोग करू द्या. पैसा लागत नाही.

आम्ल आणि आम्लारी योग्य प्रमाणात एकत्र आले की दोघांचाही जोर जातो. ह्याला उदासीनीकरण म्हणतात. बोर्डो मिश्रण करताना आपण हेच करतो. मोरचुदाचे पाणी आम्ल गुणाचे असते, ते तसेच फवारले तर पाने करपतात. म्हणून त्यात चुन्याची निवळी घालतो. एक टक्का मिश्रणासाठी १ किलो मोरचूद, १ किलो चुना आणि १०० लिटर पाणी घेतात. मिश्रणात स्वच्छ लोखंडी विळा थोडा वेळ बुडवून पाहतात. त्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला असे समजून आणखी निवळी घालतात. विळा हे तुमचे सामू पाहण्याचे साधे साधनच झाले.

सामू म्हणजे काय

आम्लपणा किंवा आम्लारीपणा मोजण्याच्या मापाला सामू म्हणतात. डेन्मार्कमधील सोरेनसन या शास्त्रज्ञाने १९०९ मध्ये हे माप सुचवले. साधारणपणे ० ते १४ अशी त्याची पट्टी आहे. ७ म्हणजे उदासीन. ७ च्या खाली आम्ल, वर आम्लारी.

ही पट्टी फूटपट्टीसारखी नाही, ही गोष्ट मात्र पक्की ध्यानात ठेवा. येथे एक अंक म्हणजे दहापट. सामू ८ ची जमीन ७ च्या जमिनीपेक्षा दहापट आम्लारी असते, आणि ८.५ ची सुमारे तीसपट. त्यामुळे तपासणी अहवालात ७.८ च्या जागी ८.८ आला तर "एकानेच तर वाढला" असे म्हणून कागद खुंटीला अडकवू नका.

आपली जमीन अशी का

धर्मापुरीचे चालुक्यकालीन केदारेश्वर मंदिर आपण सर्वांनी पाहिले आहे. मराठवाड्यातील जुनी मंदिरे ज्या काळ्या दगडात घडवली गेली तो दगड म्हणजे बेसाल्ट. आपली काळी जमीनही ह्याच दगडाची झीज होऊन तयार झाली. बेसाल्टमध्ये कॅल्शियम आणि मॅग्नेशियम भरपूर असते. कोकणात पाऊस धो-धो पडतो, तेथे ही द्रव्ये वाहून जातात आणि जमीन आम्ल गुणाची होते. आपल्याकडे पाऊस कमी. सुटलेले कॅल्शियम जमिनीतच राहते, कर्बवायूशी संयोग पावते आणि त्याची चुनखडी बनते. नांगराच्या तासात जे पांढरे खडे वर येतात ते हेच.

म्हणून बालाघाटच्या ह्या पट्ट्यात जमिनीचा सामू ७.५ ते ८.५ च्या दरम्यान सापडणे ही नेहमीची गोष्ट आहे. तो रोग नव्हे, तो जमिनीचा पिंड आहे. कोकणात भातखाचरात चुना टाकतात हे ऐकून आपल्याकडे चुना टाकू नये.

आता तिन्ही भावांच्या शेतात जाऊ.

थोरल्याचे रान : क्षारयुक्त जमीन

ओढ्याकाठच्या खोलगट रानात पाण्याचा निचरा नाही. खालून पाणी वर चढते, उन्हाने वाफ होऊन जाते आणि विरघळलेले मीठ वर सोडून जाते. उन्हाळ्यात मिठासारखा पांढरा थर दिसतो. माती मोकळी, भुसभुशीत वाटते. बी नीट उगवत नाही, आणि जमिनीत ओल असूनही पीक दुपारी माना टाकते, कारण खारट पाणी मुळांना ओढून घेता येत नाही.

प्रयोगशाळेत ह्या जमिनीची विद्युत वाहकता मोजतात. पाण्यात क्षार जितके जास्त विरघळलेले, तितकी वीज सहज वाहते. मातीच्या संपृक्त अर्काची वाहकता ४ डेसिसायमन प्रति मीटरपेक्षा जास्त आणि सामू ८.५ पेक्षा कमी असेल तर ती क्षारयुक्त जमीन. आपल्याकडील बऱ्याच प्रयोगशाळा एक भाग माती आणि अडीच भाग पाणी घेऊन वाहकता काढतात. त्या पद्धतीत आकडा बराच कमी येतो आणि १ च्या वर गेला तरी सावध व्हावे लागते. म्हणून अहवालातील आकडा कोणत्या पद्धतीचा आहे, हे विचारून घ्यावे.

थोरल्याला जिप्सम लागत नाही. त्याला चर लागतो. शेताच्या खालच्या अंगाला उताराकडे चर काढावा, बांधबंदिस्ती करून वाफे पाडावेत आणि चांगल्या पाण्याने किंवा पावसाच्या पाण्याने क्षार धुऊन चरात उतरवावेत. चर नसताना नुसते पाणी देत राहिले तर तेच मीठ पुन्हा वर येते. जमीन सुधारेपर्यंत हरभरा, मूग, उडीद ह्यांसारखी नाजूक पिके टाळून कापूस, करडई, गहू ह्यांसारखी त्यामानाने सोशिक पिके घ्यावीत. ढेंचा पेरून फुलावर येण्यापूर्वी गाडावा.

मधल्याचे रान : चोपण जमीन

मधल्याची जमीन ओली असताना चिखल होतो आणि वाळली की दगडासारखी टणक होते. मोठी ढेकळे निघतात. पाणी वरच साचून राहते, तेही गढूळ. काही ठिकाणी वरचा थर काळपट दिसतो. येथे मातीच्या कणांना सोडियम चिकटलेले असते. कॅल्शियम मातीचे कण एकत्र धरून ठेवते, सोडियम त्यांना सुटे करते. सुटे झालेले बारीक कण मातीतील छिद्रे बुजवतात. मग पाणी मुरत नाही, हवा खेळत नाही आणि मूळ गुदमरते.

अशा जमिनीचा सामू सामान्यतः ८.५ च्या वर असतो आणि चिकटलेल्या द्रव्यांत सोडियमचा वाटा १५ टक्क्यांपेक्षा जास्त असतो. आपल्या भारी काळ्या जमिनीत मात्र ह्याहून कमी सोडियमनेही त्रास सुरू होतो, म्हणून केवळ सामूवर विसंबू नये.

जिप्समचे काम येथे आहे. जिप्सम आम्ल नाही. तो उदासीन गुणाचा क्षार आहे, त्याचे शास्त्रीय नाव कॅल्शियम सल्फेट. तो पाण्यात थोडा विरघळतो, लिटरला सुमारे २ ते अडीच ग्रॅम. त्यातील कॅल्शियम मातीच्या कणावर जाऊन बसते आणि सोडियमला हुसकावून लावते. हुसकलेल्या सोडियमचा सल्फेट बनतो, तो पाण्याबरोबर खाली जातो. खाली जायला वाट असेल तरच. म्हणून जिप्समच्या आधी येथेही निचऱ्याची सोय करावी लागते.

तुम्ही विचाराल, जमिनीत चुनखडी आहेच, त्यात कॅल्शियम आहेच, मग जिप्सम कशाला? कारण चुनखडी पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. पेटीत पैसे आहेत पण किल्ली नाही, अशी ती गत. शेणखत, हिरवळीची खते कुजताना कर्बवायू आणि आम्ले तयार होतात, ती ही पेटी थोडी थोडी उघडतात. गंधक हीही एक किल्ली आहे. जमिनीतील जिवाणू गंधकाचे गंधकाम्ल करतात, ते चुनखडीशी मिळून जमिनीतच जिप्सम बनते. त्याला वेळ आणि ओल लागते.

जिप्सम किती टाकायचे हे माती तपासून ठरते, शेजाऱ्याने किती टाकले ह्यावरून नाही. मोठी मात्रा असेल तर दोन-तीन वर्षांत विभागून, वरच्या १५ ते २० सेंटिमीटर थरात मिसळून पावसाळ्याच्या तोंडावर द्यावी.

काही जमिनींत दोन्ही दुखणी एकत्र असतात, त्यांना क्षारयुक्त-चोपण म्हणतात. तेथे आधी जिप्सम आणि मग धुणे हा क्रम पाळावा. उलट केले, म्हणजे आधीच भरपूर पाणी सोडून मीठ धुऊन टाकले, तर मागे सोडियम उरते आणि बरी असलेली मातीही चोपण होऊन बसते.

धाकट्याचे रान : चुनखडीयुक्त जमीन

धाकट्याच्या जमिनीत पाणी मुरते, बी उगवते, पण सोयाबीन आणि भुईमूग कोवळ्या पानांपासून पिवळे पडते. शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा, ही लोहाच्या कमतरतेची खूण. जमिनीत लोह नाही असे नव्हे. आपल्या काळ्या दगडात लोह मुबलक आहे. पण सामू एक अंकाने वाढला की जमिनीच्या पाण्यात विरघळणारे फेरिक लोह हजारपटीने कमी होते. स्फुरदाचे तसेच. टाकलेले खत कॅल्शियमला चिकटते आणि पिकाला मिळेनासे होते.

"मग गंधक टाकून सगळा चुनाच संपवून टाकू," असे धाकटा म्हणाला तर? आपण हिशेब करू. एक एकराच्या वरच्या १५ सेंटिमीटर थरात सुमारे ८ लाख किलो माती असते. चुनखडी १० टक्के धरली तर ती झाली ८० हजार किलो. १ किलो गंधकाने साधारण ३ किलो चुनखडी संपते. म्हणजे एकरी पंचवीस हजार किलोच्या वर गंधक लागेल, ५० किलोच्या पाचशेहून अधिक गोण्या! जमीन विकली तरी हा खर्च निघणार नाही. म्हणून "एक बादली टाका, सामू उतरेल" असे सांगून कोणी औषध विकायला आले तर त्याच्यासमोर हा हिशेब मांडा.

गंधक तेलबियांना अन्नद्रव्य म्हणून जरूर द्यावे, पण ते एकरी किलोच्या मापात आणि जमिनीचा सामू बदलेल ह्या आशेने नव्हे.

चुनखडीशी भांडू नये, तिच्याबरोबर संसार करावा. त्यासाठी पुढील गोष्टी कराव्यात.

१. स्फुरदाचे खत फेकून न देता पेरून, बियाण्याच्या खाली किंवा बाजूला द्यावे. खत जितक्या कमी मातीला लागेल तितके कमी अडकते.

२. युरिया जमिनीवर उघडा टाकू नये. युरिया विरघळून त्याचा अमोनियम कार्बोनेट होतो, त्याच्याभोवती सामू आणखी वाढतो आणि नत्र अमोनिया वायू होऊन उडून जाते. ओलीत मातीआड करावा.

३. एकरी ८ किलो झिंक सल्फेट आणि १० किलो फेरस सल्फेट, कमतरता असल्यासच, दहापट शेणखतात आठवडाभर मुरवून द्यावे. झिंक सल्फेट स्फुरदाच्या खतात मिसळू नये.

४. पिवळेपणा दिसताच १० लिटर पाण्यात ५० ग्रॅम फेरस सल्फेट आणि १० ग्रॅम सायट्रिक आम्ल घालून सकाळी किंवा संध्याकाळी फवारावे. द्रावण ताजे असावे. तांबडे-तपकिरी झाले तर त्यातील लोह वाया गेले असे समजावे.

५. जमिनीतून देण्यासाठी चिलेटेड लोह घ्यायचे असेल तर डब्यावरील नाव वाचावे. ईडीटीए प्रकारचे लोह चुनखडीच्या जमिनीत टिकत नाही, ईडीडीएचए प्रकारचे टिकते.

६. फळबाग लावण्यापूर्वी चुनखडीचे प्रमाण तपासावे. मोसंबी, संत्रा यांना जास्त चुनखडी सोसत नाही, आणि ही चूक झाडे मोठी झाल्यावर कळते. सीताफळ आणि बोर हलक्या, चुनखडीच्या जमिनीतही तग धरतात. बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन मिळाले आहे, ते ह्याच डोंगराळ जमिनीच्या जोरावर.

घरी करावयाच्या दोन परीक्षा

पहिली परीक्षा चुनखडीची. वाळलेल्या मातीचा बारीक चुरा बशीत घ्यावा आणि त्यावर व्हिनेगर किंवा लिंबाचा रस टाकावा. फस् फस् होऊन बुडबुडे आले तर चुनखडी आहे. आम्लाने चुनखडीतील कर्बवायू बाहेर पडतो, त्याचे ते बुडबुडे.

दुसरी परीक्षा चोपणपणाची. काचेच्या पेल्यात साठवलेले पावसाचे पाणी घ्यावे. त्यात हरभऱ्याएवढे वाळलेले मातीचे ढेकूळ अलगद सोडावे आणि न हलवता रात्रभर ठेवावे. ढेकूळ फुटून खाली बसले आणि पाणी नितळ राहिले तर चिंता नाही. ढेकळाभोवती दुधासारखे गढूळ वलय पसरले तर सोडियमची शंका घ्यावी. ही परीक्षा विहिरीच्या पाण्यात करू नये. त्यातील क्षारांमुळे खरी स्थिती झाकली जाते.

ह्या परीक्षा केवळ संशय घेण्यासाठी आहेत. निर्णय प्रयोगशाळेच्या अहवालावरच घ्यावा.

पत्रिका वाचा आणि जे नाही ते मागा

केंद्र सरकारची मृद आरोग्य पत्रिका योजना २०१५ मध्ये सुरू झाली. त्या पत्रिकेत १२ बाबी असतात : नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबे, मंगल, बोरॉन, सामू, विद्युत वाहकता आणि सेंद्रिय कर्ब. आता नीट पाहा. ह्यात चुनखडीचे प्रमाण नाही आणि सोडियमही नाही. म्हणजे थोरल्याचे दुखणे पत्रिकेत दिसते, पण मधल्याचे आणि धाकट्याचे पुरते दिसत नाही. म्हणून जिप्सम घेण्यापूर्वी किंवा बाग लावण्यापूर्वी मुक्त चुनखडी आणि विनिमययोग्य सोडियम ह्या दोन तपासण्या वेगळ्या मागून घ्याव्यात. अंबाजोगाईचे कृषी विज्ञान केंद्र आपल्याला जवळ आहे आणि परभणीचे वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठही सल्ल्याला आहे.

नमुना घेताना शेतात नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणी इंग्रजी व्ही आकाराचा १५ ते २० सेंटिमीटर खोल खड्डा घ्यावा, कडेची सारख्या जाडीची माती काढावी, एकत्र करून सावलीत वाळवावी आणि त्यातील अर्धा किलो पिशवीत भरावी. बांध, उकिरडा, झाडाखालची जागा आणि नुकतेच खत दिलेली जागा टाळावी. पांढऱ्या पट्ट्याची माती चांगल्या मातीत मिसळू नये, तिचा नमुना वेगळा द्यावा.

पाणीही तपासा

जमिनीत मीठ येते कोठून? पुष्कळदा आपणच ते मोटारीने आणून टाकतो. विहिरीच्या पाण्याची वाहकता दीड असेल तर लिटरमागे जवळपास १ ग्रॅम क्षार असतात. चवीला ते पाणी फार तर थोडे मचूळ लागेल. एक एकराला ५ सेंटिमीटरचे एक पाणी म्हणजे सुमारे २ लाख लिटर, आणि त्यातून आले २०० किलो क्षार. उसाला अशी २० पाणी दिली तर वर्षाला ४ टन! निचरा चांगला असेल तर पावसाळ्यात ते धुऊन जातील. नसेल तर धाकट्याचे चांगले रानही काही वर्षांत थोरल्याच्या वाटेने जाईल. बोअर घेतल्यावर पाण्याचे इंच जसे आपण मोजतो, तशी त्याची प्रतही मोजावी. पंप पंधरा मिनिटे चालवून मग स्वच्छ बाटलीत एक लिटर पाणी घ्यावे. पाण्याची वाहकता २.२५ च्या वर असेल तर ते पाणी आपल्या भारी जमिनीला धोक्याचे समजावे.

ह्याच पाण्यातील चुन्याने ठिबकच्या तोट्या बंद पडतात आणि त्या उघडायला आपण आम्ल वापरतो. तेव्हा दोन नियम पाळा. आम्ल नेहमी पाण्यात घालावे, आम्लात पाणी कधीही ओतू नये, नाहीतर ते उसळून तोंडावर उडते. आणि ब्लीचिंग पावडर व आम्ल कधीही एकत्र करू नये. त्यातून क्लोरीन हा विषारी वायू निघतो. हातमोजे आणि चष्मा वापरा, लहान मुलांना दूर ठेवा.

शेवटी एवढेच

थोरल्याला चर, मधल्याला चर आणि जिप्सम, धाकट्याला शेणखत आणि खत देण्याची योग्य पद्धत. तिन्ही ठिकाणी पांढरेपणा सारखाच दिसला, उपाय वेगवेगळे निघाले. आपण कोणता भाऊ आहात, हे आधी ठरवा आणि मगच दुकानाची पायरी चढा. तपासणीला लागणारे पैसे जिप्समच्या एका गाडीपुढे काहीच नाहीत.

घरातला मुलगा किंवा मुलगी नववीत असेल तर आज रात्री त्यांचे पुस्तक मागून घ्या. धडा त्यांनी वाचून दाखवावा आणि ढेकूळ तुम्ही पेल्यात सोडावे. सकाळी दोघांनी मिळून पाणी पाहावे. मुलाला धडा कळेल आणि तुम्हाला रान कळेल.